टिळकांची स्वराज्य-भाषणे आणि त्यांचे कागद : बेळगाव ते अथणी

लोकमान्य टिळकांवर मराठीत एवढे लिहिले गेले आहे की, आणखी एका लेखाची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रस्तुत लेख टिळकांच्या जीवनावर किंवा कार्यावर नाही. त्यांच्या काही भाषणांचे जे कागद आपल्यापर्यंत पोहोचले, ते कोणी जपले, कोणत्या हेतूने जपले आणि वर्गात शिकविताना आपण ते कसे वाचतो, एवढ्यापुरताच त्याचा विचार आहे. यातील दोन भाषणे आपल्याच जिल्ह्यातील आहेत. एक १ मे १९१६ रोजी बेळगावात झालेले आणि दुसरे १९१७ साली अथणीत झालेले. पहिल्याचा गौरव होतो. दुसऱ्याचा एकतर उल्लेख टाळला जातो किंवा शस्त्रासारखा वापर होतो. ही दोन्ही भाषणे एकाच कसोटीवर वाचली पाहिजेत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

१. पार्श्वभूमी

मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून टिळक जून १९१४ मध्ये पुण्यास परतले. १९०७ च्या सुरत अधिवेशनापासून जहाल गट काँग्रेसबाहेर होता. एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद भरली आणि तेथे जहालांनी काँग्रेसमध्ये पुन्हा सामील होण्याचा निर्णय घेतला. गांधीजीही या परिषदेस उपस्थित होते. याच मुक्कामात २८ एप्रिल रोजी होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. बेळगावातील या घडामोडींमागे गंगाधरराव देशपांडे यांचे परिश्रम होते. पुढे १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याचीच आठवण आपल्याकडे अधिक ठळक आहे, परंतु आठ वर्षे आधीची ही घटना कमी महत्त्वाची नव्हती.

लीग स्थापन झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, १ मे रोजी, टिळकांनी स्वराज्य म्हणजे काय हे सांगणारे भाषण केले. त्यानंतर ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्यांची दोन भाषणे झाली. या तीन भाषणांवरून सरकारने त्यांच्याविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली कारवाई सुरू केली. टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाल्याबद्दल पुण्यात सत्कार होत होता व एक लाख रुपयांची थैली अर्पण होत होती, नेमक्या त्याच सुमारास ही नोटीस बजावण्यात आली. ऑगस्ट १९१६ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्यांनी एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बॅचलर व न्या. शहा यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला.

२. कागद कोणी जपले?

बेळगावचे भाषण मराठीत झाले. ते टिपून घेण्याचे काम पोलिसांच्या लघुलेखकांचे होते आणि त्यांचा उद्देश इतिहास जपण्याचा नव्हता. मराठी शब्दांचे इंग्रजी भाषांतर झाले. ते भाषांतर न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाले. पुढे मद्रासच्या गणेश आणि कंपनीने १९१८ च्या सुमारास टिळकांच्या लेखनाचा व भाषणांचा इंग्रजी संग्रह काढला, त्यात ही भाषणे आली आणि इंग्रजी वाचणाऱ्या देशभरच्या वाचकांना ती त्या रूपात माहीत झाली. मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने खंडरूपाने छापली. त्यांतही टिळकांविषयीचा मोठा भाग पोलिसांच्या व गृहखात्याच्या दप्तरांतूनच आलेला आहे.

म्हणजे, ज्यांना टिळकांचे तोंड बंद करायचे होते, त्यांच्याच यंत्रणेने त्यांचे बोलणे सर्वांत काळजीपूर्वक उतरवून ठेवले. पाळतीचे हे कागद अविश्वसनीय म्हणून टाकून देता येत नाहीत. पण ते निर्मळ आरसेही नव्हेत. लघुलेखकाने काय टिपले, भाषांतरकाराने कोणता शब्द निवडला आणि सरकारी वकिलाने कोणत्या ओळीखाली रेघ मारली, या तिन्ही पायऱ्या वाचकाने ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

भाषांतराचा प्रश्न टिळकांना नवा नव्हता. १९०८ च्या खटल्यात त्यांनी स्वतःच बचाव केला. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या त्या भाषणाचा बराच भाग, ‘केसरी’तील मराठी शब्दांना इंग्रजीत नसलेली धार कशी चढविली गेली, हे दाखविण्यात गेला होता. त्या ज्युरीतील सात युरोपियनांनी त्यांना दोषी ठरविले आणि दोन पारशी सभासदांनी निर्दोष. शिक्षा बहुमताने झाली. शब्द कोणत्या भाषेत वाचला जातो यावर माणसाची सहा वर्षे अवलंबून असू शकतात, हे त्या खटल्याने दाखवून दिले.

३. ‘बडवे’ या शब्दाचे काय झाले?

बेळगावच्या भाषणातील मुख्य मांडणी अशी : बादशहाची सत्ता नको असा प्रश्नच नाही. सरकार ही एक अव्यक्त वस्तू आहे आणि तिचे व्यक्त रूप म्हणजे कारभार करणारी नोकरशाही. वेदान्तातील निर्गुण ब्रह्म आणि दृश्य रूप यांच्यासारखा हा भेद आहे. कारभार करणारे बदलले म्हणून सरकार नष्ट होत नाही. देवळातील देव तोच राहतो, देव आणि भक्त यांच्या मध्ये उभे राहणारे बडवे मात्र बदलता येतात. स्वराज्याची मागणी ही बडवे बदलण्याची मागणी आहे.

कायद्याच्या दृष्टीने ही मांडणी फार सावध आहे. राजद्रोह देवाविरुद्ध होतो, बडव्यांविरुद्ध नाही, असा तिचा गर्भितार्थ. साहित्याच्या दृष्टीने ती विलक्षण परिणामकारक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलणारे वारकरी पंढरपुरास जातात. ‘बडवे’ म्हटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे गाभाऱ्याच्या दारातील अडवणूक, दक्षिणेचा आग्रह आणि दर्शनासाठी ताटकळलेला माणूस उभा राहतो. इंग्रजीत त्याचा नुसता ‘प्रीस्ट’ झाला की, तो एक आदरणीय धर्माधिकारी होतो. अडवणूक नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर उपहासही.

आपल्या महाविद्यालयांत घरी उर्दू, बाहेर कन्नड आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत वावरणारी मुले असतात. त्यांना हा शब्द समजावून देणे अवघड नाही. दर्ग्यातील मुजावराचे उदाहरण घ्यावे. पीर वेगळा, मुजावर वेगळा. मुजावराविषयी तक्रार करणारा मनुष्य पिराचा अनादर करीत नसतो. एवढे सांगितले की टिळकांचा युक्तिवाद विद्यार्थ्याच्या चटकन लक्षात येतो. नंतर त्यांनाच ‘बडवे’ या शब्दासाठी उर्दू व कन्नड प्रतिशब्द शोधायला सांगावेत. प्रत्येक प्रतिशब्दात काय उरते आणि काय गळते याची चर्चा झाली, म्हणजे दस्तऐवजाचे चिकित्सक वाचन कशाला म्हणतात ते वेगळे शिकवावे लागत नाही.

परंतु उपमा समजली म्हणून तिची चिकित्सा संपत नाही. ही उपमा ज्यांना देवळाचे दार उघडे आहे त्यांच्यासाठी आहे. १९१६ साली अस्पृश्य मानलेल्या माणसाला पंढरपूरच्या मंदिरात प्रवेशच नव्हता. तो पुढे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर मिळाला. ज्याला गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही, त्याला बडवा कोण असावा या वादात स्थान कोणते? मुसलमान श्रोत्याला मुजावराचे उदाहरण घेऊन उपमेत शिरता येईल, पण त्याला ती स्वतःच अनुवादित करून घ्यावी लागेल. वक्त्याने ती त्याच्यासाठी केलेली नाही. बडवे बदलायचे हे ठरले. नवे बडवे कोण असावेत, हा प्रश्न बेळगावच्या भाषणाने खुला ठेवला.

४. नगरची कसोटी

अहमदनगरच्या भाषणात टिळकांनी ‘परका’ या शब्दाची व्याख्या केली आणि आमच्या मते या सर्व कागदांतील तो सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, परकेपणा कातडीच्या रंगावर किंवा धर्मावर ठरत नाही, तो हितसंबंधावर ठरतो. जो या देशातील लोकांच्या हिताचे करतो तो मुसलमान असो वा इंग्रज, तो परका नव्हे. नगरला राज्य केलेल्या मुसलमान राजांचा दाखला त्यांनी तेथेच दिला : ते या देशात येऊन येथेच राहिले आणि येथील उद्योगधंदे भरभराटीस यावेत अशी त्यांची निदान इच्छा तरी होती.

१८९३ नंतरच्या काळातील टिळकांचे लेखन आणि गणेशोत्सवाचे तेव्हाचे स्वरूप ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना हे वळण किती मोठे होते ते कळेल. ते केवळ भाषणापुरते राहिले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनौ येथे काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. लीगच्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष जीना होते. स्वतंत्र मतदारसंघ आणि मुंबई इलाख्यात निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांपैकी एक-तृतीयांश जागा मुसलमानांना, ही तरतूद टिळकांनी स्वतःच्या अनुयायांचा विरोध पत्करून मान्य केली. पुढील इतिहास काय झाला तो सर्वांस ठाऊक आहे. त्या उत्तर-इतिहासाच्या चष्म्यातून १९१६ कडे पाहून टिळकांना भोळे किंवा जीनांना आधीपासूनच फुटीर ठरविणे, ही दोन्ही वाचने कागदांशी प्रामाणिक नाहीत. नोव्हेंबरात न्यायालयात एकाने दुसऱ्याचा बचाव केला आणि डिसेंबरात दोघांनी मिळून करार घडविला, एवढे कागद सांगतात.

उच्च न्यायालयाच्या निकालातून वाचनाचा एक नियमही मिळाला. सुट्या वाक्यांवर किंवा एखाद्या तीव्र शब्दावर अडून न राहता भाषणे समग्र, मोकळ्या व न्याय्य बुद्धीने वाचावीत आणि श्रोत्यांच्या मनावर त्यांचा एकूण परिणाम काय झाला असता ते पाहावे, असा त्याचा भर होता. १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती असा फार ताणलेला अर्थ केला होता. त्या तुलनेत हा दृष्टिकोन किती वेगळा होता हे स्पष्ट आहे. भारतीय दंडसंहितेचे कलम १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवले आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द उरला नाही, तरी कलम १५२ मुळे भाषण आणि गुन्हा यांच्यातील सीमेचा वाद संपलेला नाही. म्हणून हा नियम केवळ इतिहासाच्या प्राध्यापकांनी नव्हे, तर राज्यशास्त्र शिकविणाऱ्यांनीही वर्गात आणावा.

५. अथणीचे वाक्य

आता त्याच नियमाने अथणीकडे पाहू. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानास क्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. कायदेमंडळात कोणाला किती जागा, हा वाद लगेच सुरू झाला. ब्राह्मणेतर आणि मागासलेल्या जातींनी आपल्यासाठी वेगळ्या प्रतिनिधित्वाची मागणी केली. या पार्श्वभूमीवर अथणीच्या सभेत टिळक बोलले. शेतकऱ्याने, शिंप्याने, वाण्याने कायदेमंडळात जाऊन काय आपापल्या धंद्याची अवजारे चालवायची आहेत, अशा आशयाचे त्यांचे उद्गार तेव्हापासून आजवर सांगितले जातात.

येथे कागदाची स्थिती बेळगावच्या उलट आहे. ते भाषण आपल्यापर्यंत मुख्यतः उद्धृतांतून पोहोचले आणि ती उद्धृते दुखावलेल्या पक्षाने जपली. टिळकांचे समर्थक म्हणतात की, वाक्य संदर्भातून तोडले आहे; कायदे करण्यासाठी कायद्याची जाण हवी एवढेच त्यांना म्हणायचे होते. समग्र वाचनाचा नियम सर्वांना सारखाच लागू असल्याने या आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. पण हा नियम म्हणजे ढाल नव्हे. समग्र वाचायचे तर वक्त्याची त्या काळातली इतर भाषणेही सोबत ठेवावी लागतात, आणि तसे केल्यावर प्रश्न सौम्य होत नाही, उलट अधिक तीव्र होतो.

कारण नगरची कसोटी टिळकांचीच आहे. परकेपणा हितसंबंधावर ठरतो, तर प्रतिनिधित्वही हितसंबंधावरच ठरले पाहिजे. कुणब्याचे हित जमीनमहसुलात आहे, विणकराचे सुतावरील जकातीत आहे, तेल्या-तांबोळ्याचे बाजाराच्या नियमांत आहे. त्यांनी कायदेमंडळात जायचे ते नांगर किंवा घाणा चालविण्यासाठी नव्हे, तर नांगरावर आणि घाण्यावर कर कोण आणि किती बसवतो हे पाहण्यासाठी. इंग्रज अधिकारी म्हणत की, हिंदी लोकांना राज्यकारभाराची पात्रता नाही. या युक्तिवादाचे खंडन टिळक जन्मभर करीत आले. अथणीत तोच युक्तिवाद त्यांच्या मुखातून खालच्या जातींकडे वळलेला दिसतो. बेळगावात खुला राहिलेला प्रश्न, म्हणजे नवे बडवे कोण, त्याचे एक उत्तर येथे मिळते, आणि ते समाधानकारक नाही.

यात एक उपरोध आहे. ‘तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी’ हे टिळकांना विरोधकांनी हिणविण्यासाठी दिलेले नाव. अनुयायांनी ते भूषण म्हणून मिरविले. या सीमाभागात तांबोळी हे आडनाव कित्येक मुसलमान घरांचे आहे आणि आपल्या हजेरीपटांवर ते दरवर्षी असते. त्या विद्यार्थ्याला बेळगावचे भाषण शिकवायचे आणि अथणीचे झाकून ठेवायचे, हे त्याच्या बुद्धीचा मान राखणारे अध्यापन नव्हे. त्याचप्रमाणे अथणीचे एक वाक्य फळ्यावर लिहून टिळकांचा निकाल लावणे, हे पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पद्धतीचे वाचन झाले.

मार्च १९१८ मधील मुंबईची अस्पृश्यतानिवारण परिषद याच संदर्भात पाहावी. देवाला अस्पृश्यता मान्य असेल तर असा देव मला मान्य नाही, या आशयाचे टिळकांचे तेथील उद्गार प्रसिद्ध आहेत. मात्र अस्पृश्यता वैयक्तिक आचरणात न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. पाठ्यपुस्तकात उद्गार येतात, सही न केल्याचे येत नाही. दस्तऐवजांच्या अभ्यासात न झालेली सहीसुद्धा पुरावा असते.

६. उत्तरे कोणी दिली?

अथणीच्या प्रश्नाला उत्तरे दिली ती याच परिसराने. शेजारच्या कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या होत्या. १९०६ साली त्यांच्याच प्रोत्साहनाने तेथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी व मुसलमान विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहिले. १९१९ च्या सुधारणांत मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. देवळाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी बडव्यांविषयी नव्हे, दाराविषयीच प्रश्न विचारला तो अशा परिषदांतून. बेळगाव १९१६, अथणी १९१७ आणि निपाणी १९२५ ही तीन ठिकाणे एकाच जिल्ह्यातली आहेत. स्वराज्य म्हणजे काय आणि ते कोणाचे, या वादाचा एक संपूर्ण पाठ त्यांत आहे, आणि तो शिकविण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून अध्यापकांसाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ‘स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क’ ही घोषणा कुठे बेळगावच्या, कुठे नगरच्या, कुठे लखनौच्या नावावर लावलेली मार्गदर्शकांत आढळते. घोषणा पाठ करून घेण्याऐवजी भाषणाचा सलग उतारा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. दुसरी, उतारा देताना तो कोणी टिपला, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत गेला आणि कोणी छापला, ही माहिती त्याच्या माथ्यावर द्यावी. तिसरी, बेळगाव, नगर व अथणी एकाच तासाला, शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

यात टिळकांचे अवमूल्यन नाही. ज्याची भाषणे शंभर वर्षांनंतरही त्याच्याच कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहेत, तो वक्ता लहान नसतो. परंतु मोठ्या माणसाचे कागद त्याच्या भक्तांच्या किंवा त्याच्या फिर्याद्यांच्या हाती सोडून देणे अध्यापकाला शोभत नाही. नगरच्या भाषणातील परकेपणाची व्याख्या आज आपल्या विद्यार्थ्यांना वारंवार उपयोगी पडेल, कारण कोण इथला आणि कोण बाहेरचा हा प्रश्न त्यांना विचारला जातो. त्या वेळी त्यांना उत्तरादाखल टिळकांचा दाखला देता यावा. आणि कायदेमंडळात तांबोळ्याचे काय काम, असे कोणी विचारले, तर टिळकांना त्यांच्याच व्याख्येची आठवण करून देण्याइतके ते कागद त्या विद्यार्थ्याने वाचलेले असावेत.